‘व्हिजिलांटी’ कोणाला म्हणावे, आणि सोसायटीच्या रात्रगस्तीला तो शब्द लागू होतो का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रस्त्यावरील आपल्या सोसायटीत आणि शेजारच्या इमारतींत लागोपाठ घरफोड्या झाल्यावर काही तरुण सभासदांनी ‘दक्षता पथक’ या नावाने रात्रीची गस्त सुरू केली. एका ज्येष्ठ सभासदांनी व्यवस्थापन समितीला लिहिलेल्या पत्रात या तरुणांना ‘व्हिजिलांटी’ म्हटले, त्यामुळे तरुण दुखावले, आणि आता हा विषय सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. या शब्दाचा नेमका अर्थ काय, मराठीत त्याला काय म्हणायचे आणि तो आपल्या मुलांना लागू होतो का, असे आपण सचिव या नात्याने विचारले आहे. मी शिवाजीनगर न्यायालयात फौजदारी प्रकरणे चालवतो, त्यामुळे माझे उत्तर शब्दापासून सुरू झाले तरी भारतीय न्याय संहितेपर्यंत जाणार, हे आधीच सांगून ठेवतो.

शब्द मूळचा स्पॅनिश आहे आणि त्याचा तिथला अर्थ अगदी साधा, म्हणजे पहारेकरी, असा आहे. त्यामागे जागे राहणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. आज जो अर्थ रूढ आहे तो एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत घडला. सोन्याच्या शोधात लोकांची झुंबड उडालेल्या सान फ्रान्सिस्को शहरात १८५१ मध्ये व्यापारी आणि प्रतिष्ठित नागरिकांनी ‘दक्षता समिती’ स्थापन केली. १८५६ मध्ये तशीच समिती पुन्हा उभी राहिली आणि या दोन्ही समित्यांनी मिळून आठ जणांना फासावर लटकवले. शहरात पोलीस होते, न्यायाधीशही होते. परंतु ते निकामी किंवा विकले गेलेले आहेत, असे समितीचे म्हणणे होते. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ‘दक्षता’ हे नाव त्या लोकांनी स्वतःच स्वतःला मोठ्या अभिमानाने घेतले होते, आणि त्या नावाला दूषणाची छटा नंतर, त्यांच्या कृत्यांमुळे चढली. आपल्या तरुणांनी निवडलेले नाव शब्दशः तेच आहे, हा योगायोग पत्र लिहिणाऱ्या सभासदांच्या ध्यानात आला असावा.

तेव्हा व्याख्या करायचीच तर मी अशी करीन: कायदा किंवा समाजाचा एखादा नियम अमलात आणण्याचे काम ज्याला कोणीही सोपवलेले नाही, तरी जो ते आपलेच काम आहे असे मानून, संशयितावर स्वतःच बळाचा वापर करतो किंवा बळाची धमकी देतो, तो व्हिजिलांटी. या व्याख्येत हेतूला स्थान नाही, हे मी मुद्दाम सांगतो. हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. निदान सांगितला तरी तसाच जातो.

मराठीत या शब्दाला एकच एक प्रतिशब्द नाही आणि जे शब्द वापरले जातात त्यांतला प्रत्येक थोडा इकडे किंवा थोडा तिकडे झुकलेला आहे. ‘दक्षता’ हा शब्द आपल्या राज्यकारभारात अधिकृत अर्थाने स्थिरावलेला आहे. केंद्रीय दक्षता आयोग १९६४ पासून आहे, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात ‘दक्षता अधिकारी’ म्हणून जो नेमला जातो तो पोलीस अधिकारीच असतो. त्यामुळे ‘दक्षता’ आणि त्यावर पुन्हा ‘पथक’ म्हटले की ऐकणाऱ्याला सरकारी शिक्क्याचा भास होतो. पुण्यात ‘पथक’ म्हटल्यावर आधी ढोल-ताशा आठवतो हे खरे. परंतु रात्री दीड वाजता फाटकाशी अडवलेल्या परक्या माणसाला तो आठवत नाही, त्याला गुन्हे शाखेचे पथक आठवते.

‘जागल्या’ हा शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्याच्याही मुळाशी जागे राहणे आहे. पण तो येथे चालत नाही. गावगाड्यातला जागल्या हा नेमलेला, पाटलाला जबाबदार असलेला माणूस होता. चोराचा माग गावाच्या शिवेपर्यंत आला तर तो पुढच्या गावाच्या हद्दीत पोहोचवून द्यायचा, नाहीतर गेलेल्या मालाची भरपाई करायची, अशी जोखीम जागल्या-रामोशांवर असे. चुकल्यास ज्याला स्वतःच्या पदरचे भरावे लागते तो जागल्या, आणि चुकला तरी ज्याला कोणी जाब विचारीत नाही तो व्हिजिलांटी. म्हणजे दोघेही रात्री जागतात यापलीकडे साम्य नाही. शिवाय अलीकडे मराठी वृत्तपत्रांनी संस्थेतला गैरव्यवहार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी ‘जागल्या’ हा शब्द योजलेला असल्याने तो आता त्या अर्थासाठी राखून ठेवणेच बरे.

‘संस्कृतिरक्षक’, ‘गोरक्षक’ या शब्दांत अडचण अशी आहे की ती त्या-त्या गटांनी स्वतः लावून घेतलेली नावे आहेत. ती जशीच्या तशी छापली की त्यांचा दावाही आपण मान्य केल्यासारखे होते, म्हणून वृत्तपत्रे आधी ‘स्वयंघोषित’ किंवा ‘तथाकथित’ जोडतात. महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याखाली वाहन थांबवून तपासण्याचा अधिकार उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेल्या पोलीस अधिकाऱ्याला किंवा शासनाने त्यासाठी प्राधिकृत केलेल्या व्यक्तीला आहे. महामार्गावर टेम्पो अडवणाऱ्या तरुणाकडे तसे प्राधिकारपत्र नसेल तर ‘स्वयंघोषित’ हे विशेषण टीका म्हणून लावलेले नसून वस्तुस्थितीचे वर्णन आहे. ‘झुंडबळी’ हा शब्द परिणामाविषयी बोलतो, करणाऱ्याच्या दाव्याविषयी बोलत नाही. आणि ‘कायदा हातात घेणे’ हा सर्वांत रुळलेला वाक्प्रचार फार ढगळ आहे, कारण पार्किंगवरून शेजाऱ्याच्या कानाखाली वाजवणाऱ्यानेही कायदा हातातच घेतलेला असतो. फक्त आपण कायद्याची अंमलबजावणी करीत आहोत असे तो म्हणत नाही.

मला स्वतःला या कामासाठी ‘परस्पर’ हे आपले नेहमीचे क्रियाविशेषण सर्वांत नेमके वाटते. परस्पर पकडले, परस्पर चौकशी केली, परस्पर निकाल लावला: ज्याला विचारायला हवे होते त्याला वगळून काम उरकले, हा सगळा दोष त्या एका शब्दात येतो आणि तो शिवीसारखाही लागत नाही. नाम हवेच असेल तर ‘स्वयंघोषित कायदारक्षक’ लिहावे. पण इतिवृत्तात किंवा तक्रारीत नामापेक्षा क्रियापद लिहिणे केव्हाही चांगले, कारण ‘ते व्हिजिलांटी आहेत’ यावर तासभर वाद होतो आणि ‘त्यांनी अमुक मुलाला केबिनमध्ये बसवून ठेवले’ यावर होत नाही.

शब्दाची हद्द कोठे संपते हेही पाहायला हवे, कारण पुण्यात तो कोणालाही लावला जातो. दामोदर चापेकरांनी २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली, म्हणून त्यांना कोणी व्हिजिलांटी म्हणेल तर ते चूक ठरेल. सरकारचा कायदा सरकारपेक्षा आपण चांगला राबवतो असा त्यांचा दावा नव्हता. त्यांनी ते सरकारच नाकारले होते. साताऱ्याच्या प्रतिसरकारची गोष्ट मात्र अवघड आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या त्या चळवळीने गावगुंडांना आणि दरोडेखोरांना शिक्षा दिल्या, आणि त्यावरून लोकांनी तिला ‘पत्री सरकार’ हे नाव दिले. वरवर पाहता ते परस्पर शासनच होते. परंतु त्यांनी न्यायदान मंडळे नेमली, गावासमोर तंटे चालवले, आणि आपण पर्यायी सरकार आहोत ही जबाबदारी उघडपणे घेतली. तेथे हा शब्द पुरा बसत नाही असे माझे मत आहे. इतिहासाचे अभ्यासक कदाचित वेगळे म्हणतील.

उलट दिशेने पाहिले तर २०२० मध्ये फुटपाथवरून दुचाकी दामटणाऱ्यांसमोर निर्धाराने उभ्या राहिलेल्या पुण्यातील एका आजींची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्यांनाही काहींनी कौतुकाने हाच शब्द लावला. पण फुटपाथ पादचाऱ्यांचा आहे, आजी पादचारी आहेत, आणि त्या स्वतःच्या हक्काच्या जागेवर उभ्या होत्या. त्यांनी कोणाची चावी काढून घेतली नाही, कोणाला दंड केला नाही. त्यांना व्हिजिलांटी म्हणणे म्हणजे शब्दाची धार घालवणे आहे.

जातपंचायत मात्र या शब्दाच्या पुष्कळ जवळ जाते, जरी तिच्या पाठीशी परंपरा असली तरी. कोणी सोपवलेले नसताना ती खटला चालवते, दंड ठोठावते आणि वाळीत टाकते. महाराष्ट्राने त्यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला, आणि त्याखाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रत्यक्ष सरकारनेच असे गट उभे केले तर काय, हा प्रश्नही निकालात निघालेला आहे. छत्तीसगडमध्ये माओवाद्यांविरुद्ध ‘सलवा जुडूम’ या नावाने गावकऱ्यांना हत्यारे देऊन विशेष पोलीस अधिकारी म्हणून वापरले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये ती व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. म्हणजे कोण्या अधिकाऱ्याने खांद्यावर हात ठेवून ‘तुम्ही पाहून घ्या’ म्हटल्याने स्वयंघोषिताचा अधिकृत होत नाही. अधिकार कायद्याने द्यावा लागतो. गावांसाठी महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ खालील ग्राम सुरक्षा दल आणि राज्यभर गृहरक्षक दल ही त्याची उदाहरणे आहेत. पोलीस ठाण्याने दिलेले ‘पोलीस मित्र’ ओळखपत्र हे मदतनिसाचे ओळखपत्र आहे, त्याने झडती घेण्याचा किंवा चौकशी करण्याचा अधिकार मिळत नाही.

आता कायदा सामान्य माणसाला काय करू देतो ते पाहू, कारण तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा थोडे अधिक करू देतो, आणि आपल्या तरुणांना वाटते त्यापेक्षा बरेच कमी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे कोणतीही खासगी व्यक्ती दुसऱ्याला अटक करू शकते. मात्र त्याने तिच्या समक्ष दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्क म्हणून मिळत नाही) असा गुन्हा केलेला असला पाहिजे, किंवा तो न्यायालयाने फरारी घोषित केलेला गुन्हेगार असला पाहिजे. अशा पकडलेल्या माणसाला विनाकारण विलंब न लावता, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. ही सहा तासांची अट जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हती. ती १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत आली.

तुमच्या पत्रातील एका वाक्याने मला येथे थांबवले. गाड्यांची हँडल तपासताना दिसला म्हणून एका मुलाला रात्री दीडच्या सुमारास सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये बसवले, आणि सकाळी साडेसहाला, तो समोरच्या इमारतीतील मित्राकडे आला होता हे कळल्यावर, ‘सहा तासांच्या आतच’ सोडून दिले, असे आपण लिहिले आहे. सहा तासांची तरतूद माणूस ठेवून घेण्याची सवलत नाही, पोलिसांकडे पोहोचवण्याची शेवटची मर्यादा आहे, आणि तीही अटक मुळात कायदेशीर असेल तरच. हँडलला हात लावणे हा आपल्या समक्ष घडलेला चोरीचा गुन्हा नव्हे. फार तर तो संशय आहे, आणि संशयावरून पकडण्याचा अधिकार कलम ४० देत नाही. पोलिसांना तर कळवलेच नाही. तेव्हा ते पाच तास म्हणजे न्याय संहितेच्या कलम १२७ खालील डांबून ठेवणे होय, आणि त्याला एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. त्याचा फोन काढून घेऊन त्यातले संदेश वाचले हेही आपण लिहिले आहे. त्यावर मी एवढेच म्हणतो की फोन पाहण्यासाठी पोलिसालाही कायद्याचा आधार लागतो.

खासगी बचावाचा हक्क निराळा आहे, आणि तो खरोखर मोठा आहे. न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो आहे, आणि स्वतःच्याच नव्हे तर दुसऱ्याच्या शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करण्यासाठीही तो वापरता येतो. कोणी कुलूप तोडत असेल किंवा एखाद्या बाईच्या गळ्यातली साखळी ओढत असेल तर त्याला धरून ठेवण्यासाठी लागेल तेवढे बळ वापरता येते. परंतु कलम ३७ दोन कुंपणे घालते: सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही. चोर जमिनीवर पडला, त्याचे हात धरले गेले, की बचाव संपला. त्यानंतरची प्रत्येक लाथ ही शिक्षा असते, आणि व्हिजिलांटी हा शब्द नेमका तेथपासून लागू होतो.

याबाबतीत आपल्या बातम्यांची भाषा फार फसवी आहे. ‘सतर्क नागरिकांमुळे चोरटा जेरबंद, नागरिकांनी दिला बेदम चोप’ असे मथळे आपण चहासोबत वाचतो आणि ‘चोप’ या शब्दातला घरगुतीपणा आपल्याला खटकत नाही. हीच भाषा मग फिर्यादीत उतरते. ‘आम्ही त्यास पकडून चोप दिला व पोलिसांच्या ताब्यात दिले’ हे वाक्य फिर्यादी स्वतः मोठ्या उत्साहाने लिहून देतो. अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे होतेच. तिच्यात जखमांची नोंद होते. आणि आरोपीच्या वकिलाला उलटतपासणीत फार कष्ट पडत नाहीत. कोणी मारले हे साक्षीदाराने आधीच लिहून दिलेले असते. चोरीचा खटला ढिला पडतो आणि मारहाणीचा उभा राहतो. घोळक्यात पाच किंवा अधिक जण असतील तर समान उद्देशाच्या तत्त्वाने, ज्याने हातही उचलला नाही असा मागे उभा राहणाराही त्यात येऊ शकतो.

याच्या टोकाला काय असते ते महाराष्ट्राने पाहिलेले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी फिरते आहे या मोबाइलवरून पसरलेल्या अफवेवर विश्वास ठेवून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. ती भिक्षा मागून जगणारी माणसे होती. त्या जमावाचे नाव नव्हते, पथक नव्हते, पण आपण आपली मुले वाचवतो आहोत असे त्यातल्या बहुतेकांना खरोखर वाटत असणार. त्याच महिन्यात, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला यांच्या याचिकेवरील निकालात जमावाची हिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला समन्वय अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. नव्या न्याय संहितेत कलम १०३ च्या दुसऱ्या पोटकलमात पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून केलेल्या खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप अशी स्वतंत्र तरतूद आली. चोरीच्या केवळ संशयावरून झालेला खून या पोटकलमात बसेल का, यावर न्यायालयांत वाद होत राहतील. तो खून मात्र असतोच.

तेव्हा आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर असे. आपले तरुण गस्त घालतात, शिट्टी वाजवतात, दिवे लावून ठेवतात, अनोळखी माणसाला ‘कोणाकडे जायचे आहे’ असे विचारतात, संशय आल्यास ११२ वर फोन करतात, यात व्हिजिलांटी म्हणण्यासारखे काहीही नाही, आणि पत्रात सरसकट तसे म्हटले असेल तर ते अन्यायाचे आहे. परंतु जेवण पोहोचवणाऱ्या मुलांकडून ओळखपत्र घेऊन त्याचे फोटो दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘यावर लक्ष ठेवा’ म्हणून टाकणे, आणि त्या मुलाला केबिनमध्ये बसवणे, या दोन गोष्टींना तो शब्द लागू होतो. पहिल्या गोष्टीतून बदनामीचाही प्रश्न उद्भवू शकतो. सोसायटीचे फाटक ओलांडू न देण्याचा अधिकार समितीला आहे. आत आलेल्याला बाहेर जाऊ न देण्याचा नाही. एजन्सीच्या सुरक्षारक्षकालाही नाही, कारण खासगी सुरक्षा संस्थांचा २००५ चा कायदा त्याला पोलिसाचे अधिकार देत नाही. पोलिसासारखा दिसणारा गणवेश घालण्यावरही त्यात बंदी आहे.

सभेपुढे ठेवायच्या ठरावात मी पुढील गोष्टी सुचवीन. ‘दक्षता पथक’ हे नाव काढून ‘रात्रगस्त स्वयंसेवक’ असे साधे नाव द्यावे, आणि टी-शर्टांवरही तेच छापावे. कोणीही, थट्टेतही, ‘आम्ही पोलिसांकडून आलो आहोत’ असे म्हणू नये, कारण लोकसेवक असल्याची बतावणी करून त्या नात्याने काही करणे याला न्याय संहितेच्या कलम २०४ खाली किमान सहा महिन्यांची शिक्षा आहे. काठ्या केबिनमध्येच ठेवाव्यात. गस्तीच्या वेळा आणि दोघा-तिघांचे मोबाइल क्रमांक जवळच्या चौकीत लेखी देऊन पोहोच घ्यावी आणि त्या भागातील बीट मार्शलांशी परिचय करून घ्यावा. हे केल्याने अधिकार मिळत नाही, पण रात्री फोन केल्यावर पलीकडच्याला आपण कोण ते माहीत असते. ज्येष्ठ सभासदांचे पत्र इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवावे. ते मागे घ्यायला लावू नका.

त्या मुलाच्या बाबतीत, समितीने त्याच्या घरी जाऊन दिलगिरी व्यक्त करावी असे मला वाटते, आणि हे मी वकील म्हणून तसेच शेजारी म्हणूनही सांगतो. त्याने तक्रार करायची ठरवली तर एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत एक वर्षाची आहे, म्हणजे वेळ अजून त्याच्या बाजूने आहे. तोपर्यंत केबिनमधल्या कॅमेऱ्याचे त्या रात्रीचे चित्रण वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा. यंत्र ते काही दिवसांनी आपोआप पुसते, आणि ‘पुसले गेले’ व ‘पुसले’ यांतला फरक समितीलाच सिद्ध करत बसावे लागेल.